भिंत लाल होत नाही

सकाळचे सव्वाआठ. तिबिलिसीतली आमची गल्ली
इतकी तिरपी, की हातातून संत्रं सुटलं
तर ते थेट नदीकाठच्या रस्त्यावर सापडतं.
गाडी नाक खाली करून उभी, रात्री लावली तशीच.
इंजिन लागलं, रेडिओ लागला,
ब्रेकवर पाय दिला, दांडा ओढला.
दांडा 'पी'वरून हलेना.

पुन्हा. मग दोन्ही हातांनी. मग शिवी घालून.

मी पियानो सुरात लावते. पंचवीस वर्षं
पोट कानांवर चाललंय,
तरी कळायला पाच मिनिटं गेली
की रोज पाय दाबला की दांड्याच्या बुडाशी
एक 'टक' व्हायची, करंगळीच्या नखाएवढी,
आणि आज ती होत नाहीये.

बदरी आला, निवृत्त ट्रॉलीबसवाला, पायांत सपाता,
मागून नोदार, त्याच्या मागून तिसऱ्या मजल्यावरचा तो,
ज्याचं नाव अकरा वर्षांत विचारायचं राहिलं
आणि आता विचारायची सोय नाही.
तिघांची चार मतं.
गिअरबॉक्स गेला. तेल आटलं. थंडी बाधली. बाईमाणसानं...
हे चौथं नोदारनं माझ्याकडे बघून गिळलं.

"आत एक दात असतो," बदरी म्हणाला,
"हँडब्रेक न ओढता सगळं वजन त्या दातावर टांगून
तू खुशाल झोपायला जातेस."
मग तिघांनी पुढून खांदे लावून
गाडी वितभर वर रेटली. दात सैलावला असेल.
दांडा ढिम्म.

बदरी मागे गेला, गाडी आणि सिसानाच्या घराची भिंत
यांच्या बेचक्यात.
"दाब."
"दाबलाय."
"भिंत लाल होत नाही."
"दाबलाय म्हणते ना, पोटरीत गोळा आलाय!"
"तुझी पोटरी खरी. भिंत लाल होत नाही."

तर गोष्ट एवढीच होती:
पायाखाली, पेडलच्या मानेशी, अंगठ्याएवढा एक स्विच.
दिव्यांना सांगायचं त्यानंच, दांड्यालाही त्यानंच,
की पाय पडलाय. आणि तो रात्रीत मुका झाला.
म्हणजे गाडी हट्टाला पेटली नव्हती.
कुणीतरी आपल्याला धरलंय
हे कळल्याशिवाय उतारावर सुटायचं नाही,
असं तिला कुठल्याशा जपानी कारखान्यात बजावलेलं,
आणि मी धरून बसले होते, जीव खाऊन,
आणि हे तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

(आईशी फोनवर माझं असंच होतं. ते असो.)

दांड्याशेजारी एक चौकोनी झाकण,
त्यावर दोन जपानी अक्षरं. वीस वर्षं मी त्यांना नक्षी समजले.
सिसानानं गॅलरीतून दोरीला टोपली सोडली:
बॅटरी, लोण्याची सुरी,
आणि कुणीही न मागितलेली दोन उकडलेली अंडी.
सुरीनं झाकण उचकटलं, पण पातं आत जाईना.
मग माझीच पिशवी उघडली,
पियानोच्या पट्ट्यांखालच्या खिळी सरळ करायचं
बारीक पोलादी हत्यार काढलं.
आधी हँडब्रेक, कानापर्यंत. पाय ब्रेकवर.
हत्याराचं टोक त्या भोकात. दाब.

'टक.'
रोजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली, जरा लाकडी.
दांडा लोण्यातून यावा तसा आला.

तिसऱ्या मजल्यावरच्यानं टाळी वाजवली, एकच.
"आता मजा," बदरी म्हणाला, "तू थांबशील
आणि मागच्याला कळायचं नाही."
म्हणून तो सपातांसकट आपल्या खटाऱ्यात बसून
माझ्या पाठोपाठ निघाला, पार सुट्या भागांच्या दुकानापर्यंत,
प्रत्येक सिग्नलला खिडकीतून हात बाहेर काढून
मागच्या दुनियेला थोपवत.
मी आरशात बघत एक अंडं खाल्लं. मीठ नव्हतं.

रात्री परतले. गाडी लावली, हँडब्रेक ओढला,
ब्रेकवर पाय दिला.
भिंत लाल झाली. तिच्यावरची चीर दिसली,
द्राक्षाची वठलेली वेल, खडूनं काढलेला गोलपोस्ट.
काही काम नसताना मी पाय तसाच ठेवला.

वरून सिसाना ओरडली,
"कळलं, कळलं! माझी सुरी?"